वर्गातले अस्वस्थ मूल आणि संगणक

प्रत्येक शाळेत असा एक तरी मुलगा असतो, की ज्याचे नाव साऱ्या गावाला ठाऊक असते. हुशार म्हणून नव्हे. नवे गुरुजी बदलून गावात आले, की पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यांच्या कानावर घालते, "गुरुजी, बाकी पोरं चांगली आहेत, तेवढा तो एक सांभाळा." हा मुलगा जागेवर बसत नाही. शेजाऱ्याच्या दप्तरात हात घालतो. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडतो, आणि ते चुकले म्हणून कोणी हसले, की त्याच्या अंगावर धावून जातो. मार देऊन झाला, अंगठे धरायला लावून झाले, घरच्यांनी अंगारेधुपारेही करून पाहिले. पोर होते तसेच आहे. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या मुलाविषयी, आणि त्याच्या उपयोगी पडू शकेल अशा एका यंत्राविषयी. ते यंत्र म्हणजे संगणक. आपण बोलताना ज्याला कॉम्प्युटर म्हणतो तोच.

आता तुम्ही म्हणाल, "अहो सर, पोरं आधीच मोबाइलात डोकं घालून बसलेली, आणि त्यातल्या वांड पोराच्या हाती तुम्ही आणखी कॉम्प्युटर देणार?" शंका रास्त आहे. खेळ खेळायला संगणक द्या, असे मी म्हणत नाही. मी सांगणार आहे तो उपयोग अगदी साधा आहे, आणि फार तर दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटांचा आहे.

पण त्याआधी एक खुलासा केला पाहिजे. प्रत्येक खोडकर मूल म्हणजे वर्तनविकार झालेले मूल नव्हे. खोड्या करणे हा बालपणाचा हक्कच आहे. डॉक्टर ज्याला अवधानाची उणीव आणि अतिचंचलता म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी ज्याला एडीएचडी म्हणतात, त्याचे निदान करताना ते काही गोष्टी कसोशीने पाहतात. ही लक्षणे निदान सहा महिने टिकलेली हवीत, बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागलेली हवीत, आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसायला हवीत. मूल फक्त एकाच बाईंच्या तासाला दंगा करीत असेल, तर मुलाकडे पाहण्याआधी त्या तासाकडे पाहावे! त्याला नीट ऐकू येते का, फळ्यावरचे दिसते का, घरी भांडणतंटा आहे का, हेही आधी पाहावे. आणि खरोखरच विकार असेल, तर त्यात आईच्या लाडाचा दोष नसतो आणि बापाच्या धाकाची उणीवही नसते. मेंदूची घडण आणि आनुवंशिकता यांचा त्यात मोठा वाटा असतो. अशा वेळी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे जावे. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना विचारावे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. संगणक हा डॉक्टर नव्हे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे ऐका.

आणखी एक गोष्ट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंना बंदी केली. हे फार चांगले झाले. पण छडी काढून घेतली, तिच्या जागी शिक्षकाच्या हाती काय दिले? चाळीस मुलांच्या वर्गात, किंवा एकाच खोलीत दोन इयत्ता घेऊन बसलेल्या बाईंनी या एका मुलाचे करायचे काय? पुष्कळ ठिकाणी उत्तर असे निघाले, की त्याला मागे बसवायचे आणि तो नाहीच असे समजायचे. छडीपेक्षा हे बरे, असे मला तरी वाटत नाही.

आता गोष्ट सांगतो. आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका लहान गावात भरत असे. तिथल्या शाळेत सहावीत असाच एक मुलगा होता. मी मानसशास्त्र शिकवतो, हे कळल्यावर वर्गाच्या बाई म्हणाल्या, "सर, आमच्या या रत्नाला जरा बघा की. तासाला पन्नासदा उठतो." मी मागे जाऊन बसलो, हातात एक कागद घेतला, आणि तो उठला की एक रेघ मारू लागलो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एकोणीस रेघा झाल्या. तास संपल्यावर मी त्याला जवळ बोलावून विचारले, "काय रे, आत्ता तू किती वेळा उठलास?"

"दोनदा, सर."

"दोनदाच?"

"व्हय. एकदा पाणी प्यायला, आन् एकदा बाईंनी फळा पुसायला लावला तवा."

बाईंच्या लेखी पन्नास, पोराच्या लेखी दोन, कागदावर एकोणीस. मुलगा खोटे बोलत नव्हता. ज्या दोन वेळा उठायला काही कारण होते, त्या त्याच्या ध्यानात होत्या. बाकीच्या सतरा वेळा आपण उठलो, हे त्याला ठाऊकच नव्हते. मग त्या सतरा वेळांबद्दल जेव्हा बाई रागावत, तेव्हा त्याला काय वाटत असेल? विनाकारण आपल्यालाच बोलतात, हेच ना? नियम त्याला पाठ होते, पण पाय उचलला जातो त्या क्षणी नियम आठवत नव्हता. उपाय करायचा तो त्या क्षणाला. त्याने स्वतः स्वतःला पाहायला शिकले पाहिजे.

ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात मार्शिया ब्रोडेन, व्हान्स हॉल आणि ब्रेंडा मिट्स या संशोधकांनी १९७१ साली एक लहानसा, पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. आठवीतली एक मुलगी इतिहासाच्या तासाला अभ्यासात लक्ष देत नसे. तिला स्वतःलाच सुधारायचे होते. शाळेच्या समुपदेशकाने तिला चौकोन आखलेला कागद दिला. मधूनमधून स्वतःला विचारायचे, 'आत्ता मी अभ्यास करते आहे का?' उत्तर हो असेल तर अधिकचे चिन्ह, नसेल तर उणेचे. बस्स, एवढेच. ना बक्षीस, ना शिक्षा. तिचे अभ्यासात लक्ष असण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते ७८ टक्क्यांवर गेले. कागद काढून घेतला तेव्हा पुन्हा खाली आले, कागद दिला तेव्हा पुन्हा वर गेले. गंमत अशी, की तिची नोंद आणि निरीक्षकाची नोंद रोजच्या रोज जुळत नव्हती. म्हणजे नोंद बिनचूक नसली, तरी ती करण्यानेच फरक पडत होता. त्याच अभ्यासात एक मुलगाही होता. तो गणिताच्या तासाला परवानगीवाचून बोले. त्याचे बोलणेही प्रथम कमी झाले, पण मध्ये खंड पडून कागद दुसऱ्यांदा दिला तेव्हा फारसा उपयोग झाला नाही. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल की कागदाचा तुकडा म्हणजे रामबाण.

'मग कागदानेच काम होते, तर संगणक कशाला?' हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तुम्ही नीट ऐकत आहात. खरे सांगायचे तर पुष्कळदा कागद पुरतो. कागदही नको. सदऱ्याच्या उजव्या खिशात दहा चिंचोके ठेवावेत आणि न विचारता बोललो की एक चिंचोका डाव्या खिशात टाकावा. पण या मुलांपैकी कितीतरी जणांचे अक्षर वाईट असते, वही हरवते, कागद चुरगळतो. लिहिणे हीच त्यांची शिक्षा असते. संगणकावर एक कळ दाबली की काम झाले. दुसरे असे, की शिक्षक पाचव्यांदा आठवण करतात तेव्हा त्यांचा आवाज पहिल्या वेळेसारखा राहात नाही. यंत्राचा राहतो. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. केलेल्या नोंदीचे चित्र, म्हणजे आलेख, ते तेव्हाच्या तेव्हा दाखवते.

या 'तेव्हाच्या तेव्हा'ला फार किंमत आहे. अमेरिकेतले विख्यात मानसशास्त्रज्ञ स्किनर १९५३ साली आपल्या मुलीचा चौथीचा वर्ग पाहायला गेले होते. गणिताचा तास चालला होता. मुले उदाहरणे सोडवीत होती, पण आपले बरोबर की चूक हे कळायला त्यांना वह्या तपासून येईपर्यंत थांबावे लागणार होते. हे पाहून स्किनर बेचैन झाले आणि लगेच त्यांनी शिकवण्याचे यंत्र करायला घेतले. पुढे यंत्रे बदलली, लाकडी पेटीच्या जागी संगणक आला. स्किनर यांची सगळीच मते मला पटत नाहीत, माणूस म्हणजे काही कबुतर नव्हे. पण केलेल्या कृतीचे फळ दिसायला उशीर झाला की शिकणे पातळ होते, हे त्यांचे म्हणणे कोणताही शेतकरीसुद्धा मान्य करील. वर्षाअखेरच्या प्रगतिपुस्तकात 'वर्तन समाधानकारक नाही' असे लिहून या मुलाला काय कळणार?

संगणकाचा या कामी विचारपूर्वक उपयोग करणाऱ्यांपैकी दोन नावे सांगतो. मिसुरी विद्यापीठातल्या गेल फिट्झजेराल्ड आणि अर्कान्सस राज्य विद्यापीठातले लुई सेमराऊ. त्यांनी वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी किडटूल्स नावाची संगणकाची साधने तयार केली. त्यात उपदेश नव्हता आणि खेळही नव्हता. पडद्यावर कोरी कार्डे येत. मुलाने स्वतः त्यात भरायचे, की मी काय करणार आहे, कोणत्या वेळी करणार आहे, जमले की नाही, आणि न जमल्यास दुसरे काय करून पाहीन. मग ते कार्ड छापून स्वतःजवळ ठेवायचे. मला त्यातली एक गोष्ट विशेष आवडली. त्या कार्डांची सगळी भाषा 'मी'ची आहे. आपल्या शाळांच्या भिंतींवरचे नियम आठवून पाहा. शांत बसा, रांगेत चला, गडबड करू नका. सगळे कोणीतरी दुसऱ्याने सांगितलेले. 'मी हात वर करतो आणि मग बोलतो' असे वाक्य भिंतीवर कुठे दिसते का?

तर आमच्या त्या शाळेत काय केले ते सांगतो. लोकवर्गणीतून आलेला एक संगणक कोपऱ्यात होता. त्याच्यावर भरतकामाचा रुमाल, आणि वर खंडेनवमीच्या पूजेचे हळदकुंकू. पूजा वर्षातून एकदा आणि वापर त्याहून थोडा अधिक, अशी त्याची अवस्था. आम्ही तो वर्गात आणला आणि मुलाची जागा त्याच्या शेजारी केली. गुणपत्रके करायला वापरतात तोच साधा तक्ता उघडला. तासिका पस्तीस मिनिटांची, म्हणून सात खाने. दर पाच मिनिटांनी संगणकाने हळू टिंग करायचे, आणि मुलाने स्वतःला विचारायचे, 'आत्ता मी जागेवर आहे का?' असेल तर १, नसेल तर ०. १ लिहिला की खाना हिरवा होई, ० लिहिला की लाल. हा लाल रंग मी निवडला. ती चूक होती, पण तिच्याकडे नंतर येतो.

गोष्ट एकच धरली, हे लक्षात घ्या. जागेवर बसणे, मारामारी न करणे, गृहपाठ आणणे, सगळे एकदम नव्हे. कोणती गोष्ट धरायची, हे त्यालाच विचारले. पहिले आठ दिवस बाईंनी आपल्या जवळच्या कागदावर तशीच नोंद केली, आणि दोघांच्या नोंदी जुळल्या तर त्याला शाबासकी दिली. जागेवर बसल्याची नव्हे, खरे लिहिल्याची. लाल खान्याला लाल म्हटले तरी शाबासकी! प्रथम टिंग वाजले की सगळा वर्ग वळून पाही. तीन दिवसांनी त्या आवाजाकडे कोणी लक्ष देईनासे झाले. शिवाय एक अनपेक्षित फायदा झाला. ज्या पोराला हलल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला दर पाच मिनिटांनी कळ दाबायला हक्काने हलता येऊ लागले.

पहिल्या आठवड्यात सातांपैकी दोन-तीन खाने हिरवे होत. तिसऱ्या आठवड्यात पाच होऊ लागले. वीज गेली की वहीत चौकोन आखायचे. मग आम्ही तिघे आलेख पाहायला बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. लाल खाने दिवसभर सारखे पसरलेले नव्हते. पोषण आहाराच्या सुट्टीआधीच्या तासिकेत त्यांची गर्दी होती. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याची आई पहाटेच कामाला जाते आणि हा कोऱ्या चहावर शाळेत येतो. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी त्याला शाळा भरताना मूठभर भिजवलेली मटकी द्यायला सुरुवात केली, आणि त्या तासिकेतला लाल रंग बराच ओसरला. हे आम्हाला सहा वर्षे कळले नव्हते. 'हा दिवसभर असाच असतो' असे आपण म्हणतो, ते पाहिल्यावाचून म्हणतो.

आता माझी चूक. शाळेत पालकसभा होती. मी मोठ्या हौसेने महिन्याचा तक्ता छापून घेतला आणि मुलाच्या वडिलांच्या हाती दिला. ते ट्रॅक्टर चालवीत. मला वाटले, प्रगती पाहून हा माणूस खूश होईल. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि लाल चौकोनावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" मी म्हणालो, "तेव्हा तो जागेवर नव्हता. पण हे बघा, हिरवे किती वाढलेत!" त्यांनी मान हलवली, कागदाची घडी करून खिशात घातली. त्या रात्री पोराला पट्ट्याने मार बसला. प्रत्येक लाल खान्याचा हिशेब झाला.

सोमवारी सगळे खाने हिरवे. सातपैकी सात, प्रत्येक तासिकेत. तो दाराशी उभा होता तेव्हाचाही खाना हिरवा. बाईंनी मला दाखवले तेव्हा मी गप्प बसलो. त्याने आपल्या स्वतःविषयी खरे लिहून माझ्या हाती दिले होते, आणि मी ते पुरावा म्हणून वापरले होते. पुढे तो काय लिहिणार?

अशी चूक करणारा मी एकटा नव्हे. मोठमोठ्या ठिकाणी ती ठरवून केली जाते. २०११ मध्ये क्लासडोजो नावाची एक सोय निघाली आणि अनेक देशांतल्या शाळांत ती पोचली. तीत शिक्षक आपल्या मोबाइलवरून मुलांना वर्तनाचे गुण देतात, चुकल्यास उणे गुणही देता येतात, आणि ते सगळ्या वर्गासमोर पडद्यावर दाखवता येतात. पालकांनाही कळतात. शिक्षकांना ती सोयीची वाटते, हे मी समजू शकतो. पण ज्याचे गुण रोज सर्वांत खाली, त्याला तो पडदा काय शिकवील? संगणक तोच, चौकोन तेच. फक्त कळ दुसऱ्याच्या हाती गेली. मग पूर्वीची छडी निदान विसरली तरी जाई, ही नोंद विसरत नाही. २०२३ साली आपल्या संसदेने माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. अट योग्यच आहे. पण माझ्या गोष्टीत पालकाची हरकत नव्हतीच. विचारायला हवे होते ते मुलाला.

मी त्याची माफी मागितली. बाईंच्या देखत मागितली. प्राध्यापकाने सहावीतल्या पोराची माफी मागावी, हे त्याला इतके चमत्कारिक वाटले, की तो हसू लागला. मग आम्ही नव्याने ठरवले. तक्त्याला परवलीचा शब्द घातला. तो शब्द त्याने निवडला आणि फक्त बाईंना सांगितला. त्याने म्हटल्याशिवाय काही छापायचे नाही. लाल रंग काढून टाकला, त्याच्या जागी त्याने निळा घेतला. आणि बाईंनी आपल्या मनाने एक गोष्ट केली, ती मला सुचली नव्हती. त्याच तक्त्यात खाली आणखी एक ओळ आखली. तिला नाव दिले, 'मी ओरडले'. ती ओळ भरायचे काम त्याच्याकडे. पहिल्या दिवशी एका तासिकेत सहा आकडा आला. बाई म्हणाल्या, "मला तर वाटलं, एकदाच ओरडले."

वडिलांकडेही बाई दोनदा जाऊन आल्या. तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. मार थांबला, एवढे कळले.

तरीही खाने हिरवेच राहिले. पंधरा दिवस, तीन आठवडे. आम्ही काही बोललो नाही. टिंग वाजे, तो १ लिही, बाई आपल्या ओळीत किती आकडा पडला ते पाहून हसत. सुमारे दीड महिन्याने एका संध्याकाळी मला बाईंचा फोन आला. मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. पलीकडून त्यांचा आवाज नुसता आनंदाने फुलला होता.

"सर," त्या म्हणाल्या, "आज त्यानं आपणहून दोन खाने निळे केले."